छायेची वाट आणि लोहमार्ग

जेऊर, तळणी, पुलगाव, शहडोल, बक्सर. हिंदुस्थानच्या नकाशावर ही पाच नावे क्रमाने जोडली, तर नैर्ऋत्येकडून ईशान्येकडे जाणारी एक तिरकी रेषा तयार होते. तीच रेषा नैर्ऋत्येकडे मागे वाढवली की ती कोकणच्या किनाऱ्यावर विजयदुर्गाला मिळते. ह्या गावांना जोडणारा कोणताही राजमार्ग कधी नव्हता, व्यापाराची वहिवाट नव्हती, यात्रेचाही मार्ग नव्हता. २२ जानेवारी १८९८ रोजी, म्हणजे शके १८१९ च्या पौष अमावास्येला, शनिवारी, मध्यान्हाच्या सुमारास चंद्राची छाया ह्या वाटेने गेली आणि अशा प्रकारे ही गावे एका इतिहासात गुंफली गेली. छायेची ही पट्टी शंभर किलोमीटरांहूनही अरुंद होती, आणि पट्टीतल्या कोणत्याही गावाला पुरता अंधार मिळाला तो दोन मिनिटांच्या आसपास.

मात्र ह्या पट्टीत शेकडो गावे येत असताना खगोलवेत्त्यांचे तळ नेमके ह्याच गावांत का पडले, हा प्रश्न इतिहासाच्या अभ्यासकाने विचारलाच पाहिजे. त्याचे उत्तर आकाशात नाही, जमिनीवर आहे. जेऊर हे सोलापूर जिल्ह्याच्या करमाळा तालुक्यातील गाव, मुंबईहून मद्रासकडे जाणाऱ्या लोहमार्गावरचे. वऱ्हाडातले तळणी आणि वर्धेच्या काठचे पुलगाव ही भुसावळ-नागपूर मार्गावरची लागोपाठची स्थानके. शहडोल हे त्या काळच्या रीवा संस्थानातले स्थानक, बिलासपूरहून कटनीकडे जाणाऱ्या फाट्यावरचे. बक्सर हे गंगाकाठी, ईस्ट इंडियन रेल्वेवर. चंद्राच्या छायेने लोहमार्ग जेथे जेथे ओलांडला, तेथे तेथे दुर्बिणी उतरल्या. भिंगांच्या पेट्या, चाळीस फूट लांबीचे छायाचित्रयंत्र, तंबू, काचपट्ट्या, रसायने हे सारे बैलगाडीच्या भरवशावर कोण नेणार? केवळ विजयदुर्गाचा अपवाद. पण तेथे समुद्र होता, आणि नॉर्मन लॉकियर ह्यांच्या दिमतीला ‘मेल्पोमिनी’ ही ब्रिटिश आरमाराची नौका आणि तिचे खलाशी होते. म्हणजे ग्रहण कोठे दिसेल हे चंद्र ठरवतो, पण ते कोठे पाहिले जाईल आणि कोठल्या निरीक्षणाची नोंद राहील हे त्या वर्षी बव्हंशी रेल्वेच्या कंपन्यांनी ठरवले. ज्ञानाच्या इतिहासात असे दळणवळणाचे हिशेब फार वेळा पडद्याआड राहतात.

ग्रहणाच्या स्थानाचा हा प्रश्न दिसतो तितका आधुनिक नाही. चंद्रग्रहण आणि सूर्यग्रहण ह्यांच्या दृश्यतेत मुळातच भेद आहे. चंद्रग्रहणात पृथ्वीची छाया प्रत्यक्ष चंद्रावर पडते. चंद्राचे तेजच नाहीसे होते. त्यामुळे ज्यांच्या क्षितिजावर त्या वेळी चंद्र आहे त्या सर्वांना, म्हणजे जवळजवळ अर्ध्या पृथ्वीला, ते एकाच क्षणी आणि एकाच रूपात दिसते. सूर्यग्रहणात सूर्याचे काहीच बिघडत नाही. मध्ये आलेला चंद्र त्याला झाकतो, आणि पडदा जवळ असला की पाहणारा जरा बाजूला सरकताच त्याला पडद्यामागचे दिसू लागते. म्हणूनच एकच सूर्यग्रहण एका गावी खग्रास, दुसऱ्या गावी खंडग्रास आणि तिसऱ्या गावी मुळीच नाही, असे होते. आपल्या सिद्धान्तग्रंथांनी हा भेद नीट ओळखला होता. सूर्यग्रहणाच्या गणितात त्यांनी ‘लंबन’ आणि ‘नती’ असे दोन संस्कार सांगितले. पृथ्वीच्या मध्यावरून पाहिलेला चंद्र आणि पृथ्वीच्या पाठीवर उभ्या असलेल्या माणसाने पाहिलेला चंद्र ह्यांतील अंतराचे ते माप होय. चंद्रग्रहणाला हे संस्कार लागत नाहीत. उलट चंद्रग्रहण सर्वांना एकाच क्षणी दिसते, ह्या गोष्टीचा सूर्यसिद्धान्ताने मोठा चतुर उपयोग केला आहे. उज्जयिनीच्या मध्यरेषेसाठी गणिताने आलेली ग्रहणाची वेळ आणि आपल्या गावी प्रत्यक्ष पाहिलेली वेळ ह्यांतील फरकावरून आपले गाव त्या रेषेच्या पूर्वेस की पश्चिमेस, आणि किती, हे काढावे, असे तो ग्रंथ सांगतो. चंद्रग्रहण हे अशा रीतीने गावोगावच्या घड्याळांचा मेळ घालणारे साधन ठरले, आणि सूर्यग्रहण हे गावागावांतला भेद दाखवणारे.

धर्मशास्त्राची भूमिका ह्या बाबतीत अधिक सूक्ष्म आहे, आणि तिची चर्चा सहसा होत नाही म्हणून येथे थोडे थांबतो. पंढरपूरच्या काशीनाथशास्त्री उपाध्यायांनी अठराव्या शतकाच्या अखेरीस रचलेला ‘धर्मसिंधु’ हा ग्रंथ महाराष्ट्रात पुढे दीड-दोन शतके आचारधर्माचा आधार राहिला. त्यात निर्णय असा, की ग्रहण जितका वेळ डोळ्यांनी दिसण्याजोगे असेल तितकाच पुण्यकाळ. दुसऱ्या द्वीपात लागलेल्या ग्रहणाचा येथे पुण्यकाळ नाही. रात्री लागलेल्या सूर्यग्रहणाचा नाही, दिवसा लागलेल्या चंद्रग्रहणाचा नाही. आजही पंचांगात ‘हे ग्रहण भारतात दिसणार नाही, म्हणून वेधादी नियम पाळू नयेत’ अशी सूचना छापलेली असते, तिचे मूळ ह्या निर्णयात आहे. पण पुढे मौज आहे. आभाळ भरून आल्यामुळे ग्रहण दिसले नाही तर? तर शास्त्रावरून स्पर्श आणि मोक्ष ह्यांची वेळ जाणून स्नानदान करावे, असे ग्रंथकार सांगतो. म्हणजे ढगांनी पुण्यकाळाला बाध येत नाही, स्थळाने येतो. हजारो मैलांचा प्रवास करून आलेल्या खगोलवेत्त्याचा व्यवहार ह्याच्या अगदी उलट. छायेची वाट त्याला कितीही अचूक ठाऊक असो, त्या दोन मिनिटांत एखादा ढग आडवा आला की त्याची वर्षभराची तयारी वाया. धर्मशास्त्राला ग्रहणाचे दृश्य असणे पुरते, विज्ञानाला त्याचे दर्शन हवे असते. ‘दृश्य’ आणि ‘दृष्ट’ ह्या दोन शब्दांत आपल्या व्याकरणाने केलेला भेद येथे कसा नेमका उपयोगी पडतो ते पाहण्यासारखे आहे.

दृश्य आणि दृष्ट ह्यांतील हे अंतर इतिहाससंशोधकालाही छळते. प्राचीन आणि मध्ययुगीन दानपत्रांत ‘सूर्यग्रहणपर्वणी’, ‘सोमग्रहणनिमित्ते’ असे उल्लेख विपुल आहेत. यादव, शिलाहार, चालुक्य ह्यांच्या लेखांत ते आहेत. आमच्या छत्तीसगढात रतनपूरच्या कलचुरींच्या ताम्रपटांतही ग्रहणाच्या निमित्ताने दिलेल्या भूमिदानाचे उल्लेख भेटतात. शक, मास, तिथी, वार ह्यांत लेखकाकडून वा कोरक्याकडून चूक होऊ शकते. पण त्या दिवशी ग्रहण होते असे लेख म्हणत असेल, तर आकाशाचा साक्षीदार उभा करून ती तिथी तपासता येते. हा साक्षीदार एका अटीवरच बोलतो : ते ग्रहण त्या प्रदेशातून दिसले होते की नव्हते, हे आधी कळले पाहिजे. काही लेखांतील सूर्यग्रहणे हिंदुस्थानातून मुळीच दिसण्याजोगी नव्हती, असे गणित सांगते. अशा ठिकाणी एक तर लेख बनावट, किंवा वर्ष चुकलेले, किंवा मग दात्याच्या ज्योतिष्याने आकाशाकडे न पाहता पोथीतून ग्रहण काढून दिलेले. ह्यांपैकी तिसरी शक्यता मला सर्वांत अर्थपूर्ण वाटते. कारण तीत त्या काळच्या राजसभेतला पोथीचा अधिकार दिसतो.

ही तपासणी शक्य झाली ती एका मराठी गणितज्ञाच्या सहभागाने. रॉबर्ट सिवेल आणि शंकर बाळकृष्ण दीक्षित ह्यांचा ‘द इंडियन कॅलेंडर’ हा ग्रंथ १८९६ मध्ये प्रसिद्ध झाला. हिंदुस्थानातून दिसलेल्या सूर्यग्रहणांची कोष्टके त्याला जोडलेली आहेत. ती केली व्हिएन्नाच्या रॉबर्ट श्राम ह्यांनी. श्राम हे थिओडोर फॉन ओपोल्झर ह्यांचे सहकारी, आणि ओपोल्झरने १८८७ च्या आपल्या महाग्रंथात इ.स.पू. १२०८ पासून इ.स. २१६१ पर्यंतची ८,००० सूर्यग्रहणे आणि ५,२०० चंद्रग्रहणे मोजून ठेवली होती. सिवेलने पुढे १८९८ मध्ये हिंदुस्थानातील चंद्रग्रहणांची पुरवणीही प्रसिद्ध केली. दापोलीजवळच्या मुरूड गावी जन्मलेल्या, शिक्षकाची नोकरी करीत ज्योतिषाचा अभ्यास केलेल्या दीक्षितांनी १८९६ मध्येच ‘भारतीय ज्योतिषशास्त्र’ हा आपला मराठी ग्रंथही पूर्णत्वाला नेला. १८९८ साली, वयाच्या पंचेचाळिशीतच, ते निवर्तले. पुढे नागपूरच्या म. म. वासुदेव विष्णु मिराशींनी १९५५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कलचुरी-चेदी लेखांच्या खंडात एकेक तिथी अशीच पडताळून पाहिली. छत्तीसगढच्या मध्ययुगीन इतिहासाचा कालक्रम आज ज्या पायावर उभा आहे, त्यातला एक चिरा ग्रहणांचा आहे.

ओपोल्झर हा केवळ कोष्टकांचा माणूस नव्हता. १८ ऑगस्ट १८६८ चे खग्रास सूर्यग्रहण पाहण्यासाठी तो एडनला गेला होता. त्या दिवशी छाया एडनवरून अरबी समुद्र ओलांडून हिंदुस्थानच्या पश्चिम किनाऱ्यावर आली, जमखिंडी, विजापूर, गुंटूर, मछलीपट्टणम अशी सरळ पूर्वेला गेली आणि पुढे बंगालचा उपसागर ओलांडून सयामात उतरली. १८९८ ची वाट तिरकी, ही जवळजवळ आडवी. आणि १८९८ च्या पट्टीच्या मानाने ती दुपटीहून अधिक रुंद. तो दिवस श्रावणी अमावास्येचा, पोळ्याचा. ऐन पावसाळ्यातले हे ग्रहण आणि ढगांची धास्ती सर्वांनाच.

ह्या दोन वाटा कोकणच्या किनाऱ्यावर एकमेकींना छेदतात, आणि जेथे छेदतात तेथेच विजयदुर्ग आहे. मराठी इतिहासलेखनात ग्रहणांविषयी जी एक मोठी गफलत रूढ झाली आहे, तिचे मूळ ह्या छेदनबिंदूत आहे, असे माझे मत आहे. विजयदुर्गाच्या किल्ल्यावर दगडी ओटे आहेत. लोक त्यांना ‘साहेबाचे ओटे’ म्हणतात. ह्या ओट्यांवर दुर्बीण ठेवून १८ ऑगस्ट १८६८ रोजी नॉर्मन लॉकियरने सूर्यावर हेलियम शोधला, असे वृत्तपत्रांतून, पर्यटनाच्या पुस्तिकांतून आणि क्वचित शालेय भाषणांतूनही सांगितले जाते. अलीकडच्या काळात १८ ऑगस्टला तेथे हेलियमचा वाढदिवसही साजरा होऊ लागला. कथा मोठी सुबक आहे. ती खरी मात्र नाही.

१८६८ साली लॉकियर हिंदुस्थानात आलाच नव्हता. तो इंग्लंडात होता, आणि ग्रहणाशिवायही सूर्याच्या कडेवरील ज्वाळांचा वर्णपट पाहता येईल ह्या कल्पनेचा पाठपुरावा करीत होता. त्याचे उपकरण तयार व्हायला उशीर झाला. २० ऑक्टोबर १८६८ रोजी त्याला इंग्लंडातूनच, कोणतेही ग्रहण नसताना, त्या ज्वाळांच्या तेजस्वी रेषा दिसल्या. इकडे गुंटूरला ग्रहण पाहणाऱ्या प्येर जान्सेन ह्या फ्रेंच संशोधकाला त्या रेषा इतक्या प्रखर दिसल्या होत्या, की दुसऱ्या दिवशी स्वच्छ सूर्यप्रकाशात त्याने त्या पुन्हा पाहून दाखवल्या. दोघांची पत्रे पॅरिसच्या विज्ञान अकादमीत एकाच दिवशी पोहोचली, आणि पुढे फ्रेंच सरकारने दोघांच्या मुद्रा असलेले एकच पदक काढले. त्या रेषांतील पिवळी रेषा सोडियमची नव्हे, पृथ्वीवर अज्ञात असलेल्या एखाद्या मूलद्रव्याची असावी, हा तर्क लॉकियरने लढवला तो ह्यानंतरच्या अभ्यासातून. ‘हेलियम’ हे नाव तेव्हाचे. पृथ्वीवर ते मूलद्रव्य विल्यम रॅम्से ह्यांना १८९५ मध्ये एका खनिजात सापडले. लॉकियर विजयदुर्गाला आला तो १८९८ मध्ये, म्हणजे हेलियमला नाव आणि घर दोन्ही मिळाल्यानंतर. साहेबाचे ओटे खरे आहेत, साहेब खरा आहे, ग्रहणही खरे आहे. फक्त वर्ष तीस वर्षांनी मागे सरकले आहे.

दंतकथा अशी सहजासहजी जमत नाही. १८६८ ची छायाही विजयदुर्गावरून गेली असल्यामुळे तिला आकाशाचा अर्धा आधार मिळाला, आणि ओट्यांमुळे जमिनीचा. म्हणूनच ती खोडून काढताना नुसते ‘असे घडलेच नाही’ म्हणणे पुरत नाही. दोन ग्रहणे, दोन वाटा आणि एक किल्ला हा गुंता सोडवून दाखवावा लागतो. ह्या दंतकथेने विजयदुर्गाचे फारसे नुकसान केले नाही, पण जमखिंडीचे केले. पटवर्धनांच्या त्या संस्थानी गावात १८६८ साली लेफ्टनंट जॉन हर्शेल हा लष्करी अभियंता वर्णपटदर्शक घेऊन उभा होता. युरेनस शोधणाऱ्या विल्यम हर्शेलचा हा नातू. ढगांच्या फटींतून त्याला सूर्याच्या कडेवरील ज्वाळेच्या तीन ठळक रेषा दिसल्या : तांबडी, नारिंगी आणि निळी. ज्वाळा म्हणजे तप्त वायू होय, हे त्यावरून त्याने ओळखले. नारिंगी रेषा त्याला सोडियमच्या रेषेशी जुळणारी वाटली; पुढे जिला हेलियमची म्हणून ओळख मिळाली, तीच ती. म्हणजे हेलियमच्या प्रकाशाशी मराठी मुलखाचे नाते जोडायचेच असेल, तर १८ ऑगस्टला दिवा विजयदुर्गाला नव्हे, जमखिंडीला लावावा लागेल. जमखिंडी आज कर्नाटकात आहे, आणि मराठी वाचकाच्या स्मरणातून ती ज्या वेगाने नाहीशी झाली त्याचा ह्या विस्मरणाशी काही संबंध असावा, अशी शंका मला येते.

१८९८ च्या ग्रहणाकडे वळताना त्या वर्षाचा महाराष्ट्र डोळ्यांसमोर आणणे आवश्यक आहे. दुष्काळ नुकताच सरला होता. १८९६ मध्ये मुंबईत शिरलेला प्लेग पुण्यात पोहोचून वर्ष झाले होते. रँडचा वध होऊन सात महिने लोटले होते. आणि ‘ओरायन’ लिहून वेदांचा काळ नक्षत्रांवरून ठरवू पाहणारे लोकमान्य टिळक त्या अमावास्येला तुरुंगात होते. पंचांगशुद्धीचा वाद तेव्हा जिवंत होता. कोकणातल्या नांदगावच्या गणेश दैवज्ञाने १५२० मध्ये रचलेल्या ‘ग्रहलाघवा’वरून महाराष्ट्रातली पंचांगे होत, साडेतीन शतकांत त्या सुलभ गणितात साचत गेलेला फरक ज्यांना सर्वांत आधी डोळ्यांवर आला तो ग्रहणांच्या वेळीच. पंचांगात छापलेल्या वेळी स्पर्श झाला नाही, तर तो वाद शास्त्र्यांपुरता राहत नाही, नदीवर स्नानाला उभ्या असलेल्या प्रत्येकाला तो कळतो. केरो लक्ष्मण छत्रे ह्यांच्या कोष्टकांवर आधारलेले पटवर्धनी पंचांग ह्या गरजेतून निघाले होते.

अशा काळात जेऊरच्या माळावर पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समधील कावसजी दादाभाई नेगमवाला ह्यांनी तळ ठोकला. पुण्यातील महाराजा तख्तसिंगजी वेधशाळेचे ते प्रमुख. त्याच गावी अमेरिकेतील लिक वेधशाळेचे विल्यम कॅम्बेल आपले लांबलचक छायाचित्रयंत्र घेऊन आले होते. पुलगावला नेवॉल आणि कॅप्टन हिल्स, शहडोलला इंग्लंडचे राजज्योतिषी क्रिस्टी आणि प्राध्यापक टर्नर. नेगमवालांचा इंग्रजी वृत्तान्त मुंबईहून १९०२ मध्ये प्रसिद्ध झाला. हिंदी माणसाने आपल्या उपकरणांनी केलेल्या खग्रास ग्रहणाच्या शास्त्रीय अभ्यासाचा तो मोठा दस्तऐवज आहे. मराठी चरित्रकोशांनी नेगमवालांना जितकी जागा दिली तितकी पुरेशी नाही, असे मी पूर्वीपासून म्हणत आलो आहे.

ह्या सर्वांत मला अधिक ओढ वाटते ती तळणीची. तेथे उतरलेली ब्रिटिश ॲस्ट्रॉनॉमिकल असोसिएशनची मंडळी सरकारी नव्हती, बहुतेक हौशी होती. त्यांत ॲनी माँडर होत्या. ग्रिनिचच्या वेधशाळेत गणकाचे काम करणाऱ्या ह्या विदुषीला १८९५ मध्ये विवाहामुळे नोकरी सोडावी लागली होती. तळणीला त्यांनी अवघ्या दीड इंची भिंगाचे छायाचित्रयंत्र आणले, आणि त्यात सूर्याच्या प्रभामंडळातून निघालेला एक अतिशय लांब किरण टिपला; तोवर इतका लांब किरण कोणाच्याही काचपट्टीवर उमटलेला नव्हता. बाजूच्याच गावांत मोठमोठी यंत्रे उभी असताना हे यश मिळाले ते लहान भिंगाला. ह्याच तळावर जॉन एव्हरशेड होते. ते पुढे कोडाईकनालच्या वेधशाळेत आले, आणि सूर्यडागांतील वायूंच्या हालचालींचा १९०९ मधला त्यांचा शोध त्यांच्याच नावाने ओळखला जातो. वर्धेच्या खोऱ्यातल्या कापसाच्या मुलखात असे काही घडले होते, ह्याची आठवण अमरावती जिल्ह्यात आज किती जणांना असेल?

बक्सरला गेलेल्या तुकडीची हकीकत थोडक्यात सांगतो. नेव्हिल मॅस्केलिन ह्या जादूगाराने तेथे ग्रहणाचे चलच्चित्र घेतले; सिनेमाचा शोध तेव्हा जेमतेम दोन-अडीच वर्षांचा होता. परतीच्या प्रवासात ती फीत चोरीला गेली. हिंदुस्थानच्या आकाशातले पहिले चलच्चित्र आपल्याला कायमचे मुकले. त्याच मॅस्केलिनने १९०० मध्ये अमेरिकेत घेतलेले ग्रहणाचे चित्र मात्र टिकले.

आता राहिले रायपूर. नकाशावर पट्टी ठेवून पाहिले, तर पुलगाव आणि शहडोल ह्यांना जोडणाऱ्या रेषेपासून रायपूर आग्नेयेला पावणेदोनशे-दोनशे किलोमीटर दूर पडते. म्हणजे १८९८ च्या त्या दुपारी येथे सूर्याची बारीक कोर तेवढी उरली असणार. ऊन फिके, सावल्या विचित्र धारदार, पण अंधार नाही. सूर्यग्रहणाच्या बाबतीत अशी कोर आणि खग्रास ह्यांतला फरक हा प्रमाणाचा नाही, जातीचा आहे. शंभरांतला शेवटचा अंश झाकल्याखेरीज प्रभामंडळ दिसत नाही, तारे दिसत नाहीत. रायपूरच्या माणसाला छायेत शिरायचे असते, तर त्याच्यासमोर दोन रस्ते होते, आणि दोन्ही लोखंडाचे : पश्चिमेला नागपूरवरून पुलगाव, किंवा उत्तरेला बिलासपूरवरून कटनीच्या फाट्याने शहडोल. ह्याच फाट्यावरचे पेंड्रा हे गाव दोनच वर्षांनी दुसऱ्या कारणाने नावारूपाला आले. मराठी मातृभाषेच्या माधवराव सप्र्यांनी १९०० मध्ये तेथून ‘छत्तीसगढ मित्र’ हे हिंदी मासिक सुरू केले. ‘दासबोध’ आणि ‘गीतारहस्य’ हिंदीत नेणारे सप्रे ते हेच. भोसल्यांच्या अमदानीत, बिंबाजींच्या वेळी, रतनपूरच्या दप्तरात मोडी आली. सप्र्यांच्या वेळी मराठी माणूस हिंदीत आला. शहडोलच्या तळाविषयी पेंड्र्यात तेव्हा काय बोलले गेले असेल, ह्याचे कुतूहल मला आहे.

त्यानंतरही छायेने रायपूरला वळसाच घातला आहे. १६ फेब्रुवारी १९८० ची वाट दक्षिणेने, कारवारच्या किनाऱ्यावरून हैदराबादच्या बाजूने कोणार्ककडे गेली. २४ ऑक्टोबर १९९५ ची, दिवाळीच्या अमावास्येची, उत्तरेने, राजस्थान-आग्र्यावरून बंगालकडे. ११ ऑगस्ट १९९९ रोजी सूर्यास्तापूर्वी छाया कच्छमधून शिरली आणि तेव्हा मध्य प्रदेशात असलेल्या बस्तरच्या बाजूने श्रीकाकुलमकडे गेली. रायपूर उत्तरेला राहिले. २२ जुलै २००९ रोजी सूर्योदयानंतर थोड्याच वेळात ती सुरत, भोपाळ, वाराणसी, पाटणा अशी गेली. रायपूर दक्षिणेला राहिले. १९९९ आणि २००९ ह्या दोन्ही ग्रहणांची अमावास्या आषाढी. महाराष्ट्रात ती दिव्यांची अवस, छत्तीसगढात हरेली. शेतकरी नांगर धुऊन पुजतो, मुले बांबूच्या गेडीवर चढतात, दारावर कडुनिंबाची डहाळी लागते. एकाच सणाला, दहा वर्षांच्या अंतराने, एकदा संध्याकाळी दक्षिणेकडून आणि एकदा सकाळी उत्तरेकडून छाया ह्या प्रदेशाला चाटून गेली. पृथ्वीवरच्या कोणत्याही एका जागी खग्रास सूर्यग्रहण सरासरीने पावणेचारशे वर्षांतून एकदा येते, असे गणित आहे. तेव्हा रायपूरची ही उपेक्षा काही विशेष नव्हे. विजयदुर्गाला तीस वर्षांत दोन ग्रहणे लाभली, हाच अपवाद म्हणायचा.

मराठी गावांतून ग्रहण लागताच ‘दे दान, सुटे गिराण’ ही आरोळी ऐकू येत असे. खंडग्रासालाही तीच, खग्रासालाही तीच. दान मागणाऱ्याला कोर किती उरली ह्याचा हिशेब ठेवण्याचे कारण नव्हते. आणि चंद्रग्रहणाला तर ती आरोळी कोकणात, वऱ्हाडात आणि रायपुरातल्या मराठी वस्तीत एकाच घटकेला उठत असली पाहिजे. ७ सप्टेंबर २०२५ रोजी, भाद्रपदी पौर्णिमेला, रात्री अकराला खग्रास अवस्थेत शिरलेला चंद्र ब्याऐंशी मिनिटे तसाच तांबूस राहिला. त्या रात्री विजयदुर्ग, जमखिंडी, जेऊर, तळणी आणि रायपूर ह्या सर्व गावी त्याचा स्पर्श आणि मोक्ष एकाच वेळी झाला, आणि तो पाहण्यासाठी कोणालाही गाडीचे तिकीट काढावे लागले नाही.